अवघड इंग्रजी शब्द पाठ होतात, पण लिहिताना चुकतात. कसे शिकावेत?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. मी अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करते. दहावीपर्यंत सिन्नर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकले, पुढे डिप्लोमा केला. इंग्रजी वाचताना माझं फारसं अडत नाही. ड्रॉइंग, स्पेसिफिकेशन, ऑडिटचे कागद सगळं कळतं. लिहायला बसलं की मात्र तेच पन्नास-साठ शब्द फिरून फिरून येतात. गुड, बॅड, प्रॉब्लेम, इश्यू, इम्प्रूव्ह. माझ्यानंतर आलेल्या मुली मेल लिहितात तेव्हा त्यांची वाक्यं वजनदार वाटतात आणि माझी शाळकरी.

म्हणून दिवाळीनंतर मनावर घेतलं. मोबाइलवर ‘प्रगत शब्दांची’ एक यादी मिळाली. एका बाजूला इंग्रजी शब्द, समोर एक मराठी अर्थ. कंपनीच्या बसमध्ये रोज वीस शब्द पाठ करायचे, रात्री भाकरी टाकताना मनात म्हणायचे. दोन महिन्यांत अकराशेच्या वर शब्द झाले. वहीवर हात ठेवून अर्थ विचारला तर दहापैकी आठ बरोबर यायचे.

आता झालं काय ते सांगते. एका परदेशी ग्राहकाला आम्ही तिमाही अहवाल पाठवतो. रिजेक्शन साडेतीन टक्क्यांवरून एक टक्क्यावर आलं होतं आणि त्यासाठी आमच्या लाइनवरच्या माणसांनी जिवाचं रान केलं होतं. मला ते जोरात सांगायचं होतं. यादीत ‘एग्रीजियस’ या शब्दासमोर ‘असाधारण, ठळक’ असं लिहिलेलं आठवलं. मी लिहिलं, ‘एग्रीजियस इम्प्रूव्हमेंट’. दुसऱ्या दिवशी तिकडून साहेबांना फोन. नक्की काय बिघडलंय, असं विचारत होते. साहेब रागावले नाहीत, उलट समजावून सांगितलं. पण लाइनवरच्या माणसांचं कौतुक माझ्या एका शब्दामुळे बाजूला राहिलं, ते फार लागलं.

मी शब्द पाठ केला होता. अर्थही यादीप्रमाणे बरोबर होता. मग चुकलं कुठे? आणि उरलेल्या हजार शब्दांत असे किती लपले असतील? शिकायची दुसरी काही रीत आहे का, की आपलं इंग्रजी साधंच ठेवावं?

निवृत्त_मास्तर

ताई, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितो. नाशिकरोडला बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यातली पहिली दहा वर्षं मीही मुलांना अशाच याद्या पाठ करायला लावत होतो.

आधी तुमचा शब्द. लॅटिनमध्ये ‘ग्रेक्स’ म्हणजे कळप, मेंढरांचा असतो तसा. त्याचं रूप चालवताना ‘ग्रेग’ होतं. ‘ए’ म्हणजे बाहेर. कळपातून बाहेर उठून दिसणारा तो ‘एग्रीजियस’. म्हणजे तुमची यादी अगदीच खोटी नव्हती. सोळाव्या शतकात इंग्रजीतही हा शब्द ‘नामांकित, श्रेष्ठ’ अशा चांगल्या अर्थाने चालायचा. इटालियन भाषेत तर अजूनही पत्राच्या मायन्यात ‘एग्रेजिओ’ हे आदराने लिहितात, आपल्या ‘श्रीयुत’सारखं. पण इंग्रजीत लोक उपरोधाने ‘काय थोर मूर्ख आहे’ अशा तऱ्हेने तो वापरू लागले आणि हळूहळू चांगला अर्थ गळून पडला. आज उरलाय तो फक्त वाईटातला उठून दिसणारा.

आता हा कळप सोडू नका. ‘सेग्रिगेट’ म्हणजे कळपातून बाजूला काढणं. रिजेक्ट झालेले पार्ट तुम्ही लाल बिनमध्ये टाकता त्याला कारखान्यात सेग्रिगेशनच म्हणतात ना? घंटागाडीवाला ओला-सुका वेगळा मागतो तेही तेच. ‘अ‍ॅग्रिगेट’ म्हणजे कळपात घातलेलं, एकत्र केलेलं. म्हणून गुणांची बेरीजही अ‍ॅग्रिगेट आणि काँक्रीटमधली खडीही अ‍ॅग्रिगेट. ‘काँग्रिगेशन’ म्हणजे जमलेली मंडळी. ‘ग्रिगेरियस’ म्हणजे माणसांत रमणारा, गोतावळ्याचा माणूस. एका चुकीतून पाच शब्द मिळाले, आणि त्यातले दोन तुम्ही रोज बोलता.

पण तुमचं चुकलं ते उगम माहीत नसल्यामुळे नाही. मराठीत तुम्ही कधी ‘घोर सुधारणा’ लिहाल का? ‘घोर’ म्हणजे मोठं, तीव्र, हे खरं. तरी आपण घोर अपमान म्हणतो, घोर फसवणूक म्हणतो, घोर निराशा म्हणतो. ‘घोर प्रगती’ कुणी म्हणत नाही. हा नियम कुणी शिकवला? कुणीच नाही. तो शब्द ज्यांच्याबरोबर वावरतो ते आपण लहानपणापासून ऐकत आलो. इंग्रजी शब्दाचं हे वावरणं यादीत येत नाही. एग्रीजियस हा एरर, व्हायोलेशन, मिस्टेक यांच्या सोबतीने वावरतो. म्हणून माझ्या लेखी त्याचा अर्थ ‘घोर’. ‘असाधारण’ नव्हे.

तुम्हाला हवा होता तो शब्द ‘मार्क्ड’. मार्क्ड इम्प्रूव्हमेंट. साधा, पण आपल्या जागी चपखल.

पाठकोरा

मास्तर, उगम वगैरे छान आहे, पण ज्यांना परीक्षा द्यायची त्यांनी काय करायचं? मी पंचवटीत खोली घेऊन एसएससी (दहावीची नव्हे, स्टाफ सिलेक्शन कमिशनची) आणि सीडीएस, म्हणजे सैन्यातल्या अधिकारी भरतीच्या परीक्षेची तयारी करतोय. सीडीएसचा इंग्रजीचा पेपर १०० गुणांचा. समानार्थी, विरुद्धार्थी, वाक्यातला रिकामा शब्द, हे थेट विचारतात. तीन महिने हातात असताना लॅटिन कुठून शिकू? यादीशिवाय पर्याय नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे.

फक्त यादी कशी घोकायची ते बदलायला हवं. ताईंनी रोज नवे वीस घेतले, पण जुन्यांकडे परत कधी गेल्या? हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून विसरण्याचा वेग मोजला. अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि किती दिवसांनी किती आठवतात ते पाहायचं. त्यात दिसलं की सगळ्यात जास्त विसरणं पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवसातच होतं, नंतर वेग मंदावतो. म्हणून उजळणी विसरण्याच्या काठावर असताना करायची.

माझी पद्धत सांगतो. घरात आलेल्या लग्नपत्रिका जमवून त्यांच्या पाठकोऱ्या बाजूचे छोटे तुकडे केले. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ. मिठाईच्या खोक्यात पुठ्ठे लावून पाच कप्पे केले. नवा शब्द पहिल्या कप्प्यात, तो रोज बघायचा. बरोबर आला की दुसऱ्यात, तो दोन दिवसांनी. मग चार दिवसांनी, मग आठवड्याने, शेवटचा कप्पा महिन्याने. चुकला की कुठल्याही कप्प्यातून थेट पहिल्यात. ही युक्ती माझी नाही, सेबास्टियन लाइट्नर या विज्ञान पत्रकाराने १९७० च्या दशकात लोकांपुढे ठेवली. मोबाइलवर अंकी नावाचं अ‍ॅप हेच काम करतं. पण मला हातात चिठ्ठी धरली की जास्त लक्षात राहतं.

एक मात्र नक्की. चिठ्ठी उलटण्याआधी उत्तर मनाशी पूर्ण म्हणायचं. उलटून ‘हां, येत होतं’ म्हणणं म्हणजे न येणंच.

काळा_कोट

मास्तरांचं ‘घोर’ वाचून बरं वाटलं. जिल्हा न्यायालयात वकिली करतो, तिथे शब्दाचं वावरणं चुकलं तर अशिलाचं नुकसान होतं. दोन-तीन गोष्टी सांगतो.

‘मिटिगेट’ आणि ‘मिलिटेट’ ही जोडी शिकलेले लोकही गोंधळतात. मिटिगेट हा लॅटिन ‘मिटिस’ म्हणजे मऊ यावरून आला. म्हणून मिटिगेटिंग सर्कमस्टन्सेस म्हणजे शिक्षा सौम्य व्हावी अशी परिस्थिती. मिलिटेटमध्ये ‘मिलेस’ म्हणजे सैनिक आहे, मिलिटरीमधला तोच. ‘मिलिटेट अगेन्स्ट’ म्हणजे विरोधात उभं ठाकणं. एकात मऊपणा, दुसऱ्यात लढाई. एवढं कळलं की आयुष्यात पुन्हा चूक होत नाही. पाठकोरा, तुझ्या चिठ्ठीवर मिटिगेटपुढे ‘कमी करणे’ एवढंच असेल तर परीक्षेतही फसशील. टीव्हीचा आवाज कमी करायला मिटिगेट चालत नाही. तो धोका, नुकसान, दुष्परिणाम, शिक्षा अशांना लागतो.

ताईंनी क्वालिटीत जपायचा शब्द म्हणजे ‘ओव्हरसाइट’. त्याचा एक अर्थ देखरेख आणि दुसरा नजरचूक. दोन्ही चालू अर्थ आहेत. ‘ओव्हरसाइटमुळे पार्ट पास झाला’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याला नेमकं काय समजेल? ‘सँक्शन’ही तसाच. बँक कर्ज सँक्शन करते तेव्हा मंजुरी, आणि एखाद्या देशावर सँक्शन लावले तेव्हा निर्बंध. यादीत एका शब्दासमोर एकच अर्थ लिहिला की असे शब्द हमखास अर्धेच शिकले जातात.

जाता जाता, ‘अ‍ॅफिडेव्हिट’ हे लॅटिनमधलं अख्खं वाक्य आहे, ‘त्याने शपथेवर सांगितलं आहे’. आणि ‘अ‍ॅलिबाय’ म्हणजे नुसतं ‘दुसरीकडे’. आरोपी म्हणतो, मी दुसरीकडे होतो. बस.

द्राक्षबाग_दिंडोरी

मी द्राक्षाचा शेतकरी, बी.ए. झालेला. माल युरोपला जातो म्हणून इंग्रजी कागदांशी रोजचा संबंध. मला वाटतं आपल्या लोकांना जेवढं येतं त्याहून कमी येतं असं ते समजतात.

माझा मुलगा पुण्यात शिकतो. तो ‘सिस्टेमिक’ शब्दावर अडला होता. पुस्तकात ‘सिस्टेमिक फेल्युअर’ असं काही होतं आणि शब्दकोशात ‘व्यवस्थेसंबंधीचा’ असा अर्थ. त्याला काही उमजेना. मी म्हटलं, अरे, आपण द्राक्षावरच्या डावणी रोगाला फवारतो ती औषधं किती प्रकारची? स्पर्शजन्य आणि आंतरप्रवाही. स्पर्शजन्य पानावर पडेल तिथेच काम करतं. आंतरप्रवाही पानातून आत शिरून झाडाच्या रसातून फिरतं. डब्यावर त्यालाच सिस्टेमिक लिहिलेलं असतं. आता सिस्टेमिक फेल्युअर म्हणजे काय? एका पानावरचा डाग नव्हे, अख्ख्या झाडाच्या रसात भिनलेलं अपयश. पोराने फोनवरच ‘ओह’ केलं.

तसंच ‘डॉर्मंट’. ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, झोपलेले असतात, ते एकसारखे फुटावेत म्हणून आपण हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतो. त्या झोपेला डॉर्मन्सी म्हणतात हे दिंडोरी-निफाडच्या कुठल्याही बागायतदाराला विचारा. मग बँकेचं डॉर्मंट खातं, डॉर्मंट ज्वालामुखी, वेगळं काय शिकायचं? मेलेला नाही, झोपलाय. फुटू शकतो.

फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटशिवाय कंटेनर हलत नाही. ‘फायटो’ म्हणजे ग्रीकमध्ये वनस्पती, ‘सॅनिटरी’ म्हणजे आरोग्याचं. एवढा लांबलचक शब्द आमच्या पॅकहाउसवरच्या बायाही सरसकट बोलतात, ‘फायटो आलं का?’ म्हणून.

आणि मास्तरांच्या मुद्द्याला माझ्याकडून एक भर. द्राक्ष ‘पेरिशेबल’, म्हणजे नाशवंत माल. ‘एफेमरल’ म्हणजेही टिकत नाही ते, पण एफेमरल द्राक्ष कुणी म्हणत नाही. ग्रीकमध्ये ‘हेमेरा’ म्हणजे दिवस, एका दिवसापुरतं ते एफेमरल. प्रसिद्धी, सौंदर्य, आनंद हे एफेमरल. मराठीत बघा, माल नाशवंत आणि आयुष्य क्षणभंगुर. उलट करून बघा, ‘क्षणभंगुर माल’ म्हटलं तर व्यापारी गाडी वळवून जाईल.

शब्दवेडी

दादा, ‘आंतरप्रवाही’ हा या धाग्यातला सगळ्यात सुंदर प्रतिसाद.

मी संस्कृत घेऊन एम.ए. केलं, म्हणून माझा वाटा. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्स यांनी मांडलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच उगमातून निघालेल्या असाव्यात. मराठी माणसाला याचा रोजच्या अभ्यासात उपयोग करता येतो. लॅटिन ‘इग्निस’ आणि आपला अग्नी, त्यातून इग्निशन. ‘युवेनिस’ आणि युवन्, त्यातून जुवेनाइल. ‘विदुआ’ आणि विधवा, पण इथे विडो विदुआतून निघालेला नाही, तो तिचा भाऊबंद. इंग्रजी विडो जर्मॅनिक बाजूने आला, घराणं तेच. ‘मोर्स’ आणि मृत्यू, म्हणून मॉर्टल म्हणजे मर्त्य, इम्मॉर्टल म्हणजे अमर. ‘दोनुम’ आणि दान, त्यातून डोनेट. ‘नोवुस’ आणि नव, त्यातून नॉव्हेल, इनोव्हेट, रिनोव्हेट. नूतनीकरण आणि रिनोव्हेशन हे शब्द नुसते समानार्थी नाहीत, सख्खे नातेवाईक आहेत.

पण इथे एक कळकळीची विनंती. दिसायला सारखा म्हणजे नातेवाईक असं समजू नका. बदनाम, बदसूर यातला फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ उच्चाराने जवळ, अर्थाने एक, तरी त्यांचं काहीही नातं नाही. ‘डे’ आणि ‘दिवस’ यांचंही नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या ‘प्रत्येक इंग्रजी शब्द संस्कृतातून’ असल्या याद्यांनी फार नुकसान केलंय. शब्दकोशात व्युत्पत्ती बघितल्याशिवाय नातं लावू नये.

उलट दिशेचंही एक सांगते. इंग्रजीतला ‘मंगूस’ हा आपल्या मराठी मुंगसावरूनच गेलाय.

पाठकोरा

काळा कोट काका, आत्ता चिठ्ठी काढून पाहिली. मिटिगेटमागे खरंच ‘कमी करणे’ एवढंच होतं. आता खाली ‘रिस्क, डॅमेज’ लिहिलं. पण माझ्याकडे सातशे चिठ्ठ्या आहेत, सगळ्यांना सोबती कुठून आणू?

देवळालीकर

अवांतर वाटेल, पण उच्चारही शिका. एग्रीजियस नव्हे, ‘इग्रीजस’. मी मुलाखतीत ‘एपिटोम’ म्हटलं होतं, तो ‘इपिटमी’ आहे. ‘हायपरबोल’ नव्हे, ‘हायपर्बली’. आरोप ठेवणे या अर्थाचा शब्द स्पेलिंगवरून ‘इन्डिक्ट’ वाटतो, उच्चार ‘इन्डाइट’. ‘सबटल’ लिहिलेला दिसतो तो ‘सटल’. आपण डोळ्यांनी शिकलेले शब्द कानांनी तपासायलाच हवेत. हल्ली प्रत्येक ऑनलाइन शब्दकोशात आवाजाचं चिन्ह असतं, ते दाबायला तीन सेकंद लागतात.

निवृत्त_मास्तर

पाठकोरा, सातशेंना सोबती आणू नकोस. तुझा प्रश्न खरा आहे आणि मी त्याला बगल देणार नाही. परीक्षेसाठी ओळख पुरते. म्हणून तुझ्या खोक्यात जे फक्त ओळखायचे ते शब्द तसेच राहू देत. त्यांतले जे तुला लिहायला, बोलायला लागतील असे शंभर-दीडशे निवड आणि त्यांनाच सोबती दे. ओळखीचा शब्द आणि वापरातला शब्द या दोन वेगळ्या वह्या ठेव. ताईंचं दुःख हे की त्यांनी पहिल्या वहीतला शब्द दुसऱ्या वहीत असल्यासारखा वापरला.

निवडायचे कुठले? ‘प्रगत’ म्हणजे दुर्मीळ असा समज करून लोक वर्षातून एकदा भेटणाऱ्या शब्दांमागे लागतात. मायकेल वेस्ट नावाचे एक शिक्षक होते, त्यांनी बंगालमध्ये ढाक्याला काम केलं. आपल्यासारख्याच मुलांना इंग्रजी वाचताना काय अडतं ते पाहून त्यांनी आयुष्यभर शब्दांच्या वारंवारतेवर काम केलं आणि १९५३ साली सुमारे दोन हजार पायाभूत शब्दांची यादी प्रसिद्ध केली. त्या पायावर न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली ५७० शब्दकुटुंबांची आणखी एक यादी केली. विषय कुठलाही असो, अभ्यासाच्या लेखनात जे पुन्हा पुन्हा येतात असे हे शब्द. अ‍ॅसेस, डिराइव्ह, कॉन्स्टिट्यूट, अ‍ॅझ्यूम असले. शैक्षणिक मजकुरात शंभरातले सुमारे दहा शब्द याच ५७० कुटुंबांतले निघतात. ज्याला अहवाल लिहायचा त्याने लोक्वेशियस (बडबड्या) असल्या शब्दांच्या आधी हे पक्के करावेत. ताई, तुमचं निम्मं काम इथेच होईल.

दुसरं वाचन. वाक्यावरून अर्थ ओळखा, असं आम्ही शिक्षक फार सहज सांगतो. पण पॉल नेशन या अभ्यासकाच्या कामातून दिसलं की मजकुरातले शंभरातले साधारण ९८ शब्द आधीच ओळखीचे असले तरच उरलेल्यांचा अंदाज नीट बांधता येतो. म्हणून एकदम जड पुस्तक घेऊन बसू नका. जिथे एका पानावर तीन-चारच शब्द अडतात असं पुस्तक घ्या. एकाच विषयावरच्या बातम्या पंधरा दिवस वाचल्या तर तेच शब्द पुन्हा भेटतात, आणि भेटतात ते आपल्या सोबत्यांसह.

आता माझा आवडता उद्योग सांगतो. नवा इंग्रजी शब्द आला की आधी मराठीत त्याच्या छटांची भांडणं लावायची. ‘इन्व्हेटरेट’ घ्या. शब्दकोश म्हणतो ‘जुना, मुरलेला’. इन्व्हेटरेट लायर, इन्व्हेटरेट गॅम्बलर. मग मराठीत कोण? निष्णात? नाही, तो चांगल्याला लागतो. कट्टर? तो समर्थक असतो किंवा विरोधक, त्याला इंग्रजीत ‘स्टॉन्च’ जवळचा. हाडाचा? हाडाचा शिक्षक म्हणतो आपण, तो गौरव झाला. मग उरला ‘अट्टल’. अट्टल चोर, अट्टल जुगारी. हाच तो! आणि गंमत अशी की इन्व्हेटरेटमध्ये लॅटिन ‘वेतुस’ म्हणजे जुना आहे, आणि त्याच वेतुसमधून ‘व्हेटरन’ निघाला. एकाच घरातले दोघे, एक अट्टल निघाला, एक मुरब्बी.

असं पाच मिनिटं भांडण लावलेला शब्द विसरला जात नाही. शिवाय आपली मराठी घासूनपुसून लख्ख होते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ ची दुसरी आवृत्ती, इंटरनेटवर फुकट पाहता येतो. मराठी शब्द टाका आणि छटा कशा उलगडून दाखवल्यात ते बघा. इंग्रजी शिकायला मराठी कोश उघडा, हे माझं सांगणं विचित्र वाटेल, पण करून पाहा.

काळा_कोट

‘अट्टल’ला माझी दाद. कोर्टात ‘हॅबिच्युअल ऑफेंडर’ असं कायद्याच्या भाषेत म्हणतात, तो ‘सराईत’. बघा, सराईत आणि अट्टल यातही फरक आहे. सराईत हा हाताला सवय झालेला, अट्टल हा मनानेच तसा. इंग्रजीतही हॅबिच्युअल हे वर्तनाबद्दल बोलतं, इन्व्हेटरेट मुळाबद्दल.

शब्दवेडी

मग ‘हार्डन्ड क्रिमिनल’ म्हणजे निर्ढावलेला. झाले तिघे.

गोदाकाठ

मंडळी, दीड महिन्याने लिहितेय, उशिराबद्दल क्षमा असावी. मार्च एंडिंग होतं.

अकराशे शब्दांची वही बंद केली नाही, पण मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे दोन वह्या केल्या. माझे गेल्या वर्षभरातले सगळे अहवाल आणि ग्राहकांची उत्तरं काढली. त्यांच्या उत्तरांत पुन्हा पुन्हा येणारे शब्द लाल पेनने खुणावले. रिकरन्स, डिव्हिएशन, रेक्टिफाय, अ‍ॅडहिअर, इंटरिम, व्हेरिफाय, प्रॉम्प्ट. सगळे मला ‘येत’ होते, आणि एकही मी कधी लिहिला नव्हता! असे ८४ निघाले. प्रत्येकाखाली त्यांच्याच पत्रातलं त्याच्यासोबत आलेलं वाक्य उतरवलं. ‘अ‍ॅडहिअर’नंतर ‘टू’ येतो हे त्यातच कळलं. आणि अ‍ॅडहिअर म्हणजे चिकटून राहणं, अ‍ॅडहेसिव्हमधला. आमच्याकडे लेबलचं अ‍ॅडहेजन तपासतात, मीच तपासते!

‘ओव्हरसाइट’ जुन्या दोन अहवालांत सापडला. तो काढून सरळ लिहिलं, ‘तपासणी करताना राहून गेलं’ याचं साधं इंग्रजी.

पाठकोराचा मिठाईचा खोका घरात आहे. लेक सातवीत आहे, तिलाही स्वतःचा हवाय म्हणून दुसरा केला. रविवारी दोघी सावानात, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिकमध्ये जातो. १८४० पासूनचं वाचनालय आपल्या गावात आहे आणि मी बेचाळिसाव्या वर्षी सभासद झाले. तिथे लेक इंग्रजी गोष्टींची पातळ पुस्तकं घेते आणि तीच मीही वाचते, पानावर तीन-चार शब्द अडणारी.

या तिमाहीच्या अहवालात ‘मार्क्ड इम्प्रूव्हमेंट’ लिहिलं आणि खाली लाइनवरच्या पाचही जणांची नावं घातली. तिकडून अभिनंदनाचं पत्र आलं, ते छापून लाइनवर लावलंय.

आता एक शब्द अडलाय. ग्राहकाने आमच्या पुरवठ्याबद्दल ‘रेझिलियंट’ लिहिलंय. शब्दकोशात ‘लवचिक’ आहे, पण लवचिक तर ‘फ्लेक्सिबल’ना? मी मराठीत भांडण लावून पाहिलं. चिवट? खंबीर? टणक? एकही बसेना.

निवृत्त_मास्तर

भांडण अगदी बरोबर लावलंत. चिवट म्हणजे सोडत नाही तो, ‘टिनेशियस’. त्यात लॅटिन ‘तेनेरे’, धरून ठेवणं. खंबीर हलत नाही. टणक तर तुटेपर्यंत टणक. रेझिलियंटमध्ये ‘सालिरे’ म्हणजे उडी मारणं आहे, ‘रे’ म्हणजे मागे, पुन्हा. दाबलं गेल्यावर उसळून जागेवर येतं ते.

द्राक्षबाग_दिंडोरी

मास्तर, मी सांगू का? गोदेला पूर येतो, काठावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीपर्यंत पाणी चढतं. मोठमोठी झाडं उन्मळून जातात. पाणी ओसरल्यावर काठाचं लव्हाळं बघा. रात्रभर आडवं पडलेलं असतं, सकाळी ऊन पडलं की उभं.

गोदाकाठ

लव्हाळं! लिहिलं वहीत.